नागपूरचे पाणी आणि समुद्राची फिर्याद

गेल्या पौषात आम्ही सहकुटुंब नागपुरास गेलो होतो. निमित्त संक्रांतीचे. आमची थोरली बहीण महालात राहते, आणि तिळगूळ घ्यावयास ये, असे तिचे दरवर्षी बोलावणे असते. परंतु यंदाच्या बोलावण्यास एक पुरवणी जोडलेली होती. “नाना येणार आहेत, कागदपत्र घेऊन येणार आहेत, आणि भाच्याचे व त्यांचे काही केल्या जमत नाही, तू येऊन बैस,” असे ताईने कळविले होते. नाना हे आमचे मावसभाऊ. त्यांच्या कागदपत्रांची हकीकत पुढे येईलच.

नागपूर म्हटले म्हणजे संत्री, ऊन आणि ऐसपैस रस्ते इतकेच पुणे-मुंबईकडील मंडळींच्या डोळ्यांपुढे उभे राहते. समुद्राचा व या शहराचा काही संबंध असेल, असे कोणाच्या मनातही यावयाचे नाही. हिंदुस्थानच्या मध्याचा म्हणून जो दगडी खांब येथे उभा आहे, तोच मुळी सांगतो की, येथून कोणत्याही दिशेस निघाले तरी खारे पाणी दूरच. मुंबईचा किनारा आठशे किलोमीटरांहून लांब, पूर्वेचाही तितकाच अवघड. आणि तरीही आठ दिवसांच्या मुक्कामात आम्ही जे पाहिले व ऐकले, त्यात समुद्र पुनःपुन्हा येत राहिला. किनाऱ्यावरील कोळ्याने कारखान्याविरुद्ध मांडलेल्या फिर्यादीत नागपूरचा हात किती आहे, हे आम्हांस यापूर्वी ठाऊक नव्हते. वाचकांपैकी बहुतेकांसही नसावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

ताईच्या घरापासून नाग नदी फार लांब नाही. पहाटे फिरावयास निघालो तो पुलापाशी नाकाला पदर लावण्याची पाळी आमच्या मंडळींवर आली. जिच्या नावावरून शहरास नाव मिळाले, ती नदी शहराच्या पश्चिमेकडील टेकड्यांत उगम पावते, अंबाझरी तलावाशी येते, आणि तेथून पुढे वस्तीतून वाहताना गटार होऊन जाते. (हाच अंबाझरी तलाव २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे ओसंडला व सखल भागातील घरांत कमरेइतके पाणी शिरले; ताईची नणंद त्या रात्रीची गोष्ट अद्यापि अंगावर काटा आणून सांगते.) शहर सोडल्यावर नाग कन्हानला मिळते आणि कन्हान अंभोऱ्याजवळ वैनगंगेस. अंभोरा म्हणजे जेथे मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ रचला असे परंपरा सांगते, तेच क्षेत्र. वैनगंगा पुढे वर्धेस भेटून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते, आणि गोदावरी आंध्रच्या किनाऱ्यावर समुद्रात. म्हणजे नागपूरच्या मोरीतून जे सुटते, ते धरणांनी अडविले नाही तर, बंगालच्या उपसागरापर्यंत जावयाचेच. अंभोऱ्याजवळच्या गोसीखुर्द धरणात ते अडते खरे; परंतु त्यामुळे तेथील कोळ्यांची व खेडुतांची तक्रार सुरू झाली, ती निराळी. भूगोलाच्या पुस्तकात हा प्रवाह आम्ही लहानपणी पाठ केला होता. पुलावर उभे राहून नाक दाबून धरले, तेव्हा तो प्रथमच कळला.

दुसऱ्या दिवशी भाच्याबरोबर उच्च न्यायालयात गेलो. तो तेथे वकिली करतो. सिव्हिल लाइन्समधील ही इमारत ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी नागपुरास गेल्यावर अवश्य पाहावी. हेन्री मेड या वास्तुशिल्पकाराने ती आखली, १९४० च्या जानेवारीत व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. नागपूरचे स्वतंत्र उच्च न्यायालय १९३६ साली स्थापन झाले होते, त्याच्यासाठी हे घर. पुढे १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूरचे राजधानीपण गेले, आणि आज येथे मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसते. राजधानी गेल्याची खंत जुन्या नागपूरकरांच्या बोलण्यातून अजून डोकावते. परंतु गेल्या राजधानीमागे एक चांगला वकीलवर्ग व न्यायाची सवय उरली, ही गोष्ट लहान नव्हे. वऱ्हाडातील शेतकरी पागोटे सावरीत त्या भव्य कमानीखालून आत शिरतो, तेव्हा तो बावरतो. परंतु परत फिरत नाही.

भाच्याच्या खोलीत नाना आधीच येऊन बसले होते. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत जाडजूड फाइल, आणि फाइलीवर पाण्याची एक बाटली. बाटलीचे बूच लाखेने बंद केलेले, वर चिठ्ठी: तारीख, वार, वेळ, नाल्याचे नाव. आम्हांस पाहून नाना उठले नाहीत. बाटली सांडेल म्हणून.

नानांची हकीकत थोडक्यात अशी. विदर्भातील एका औष्णिक वीजकेंद्रापासून चार-पाच मैलांवर त्यांची वडिलोपार्जित नऊ एकर जमीन आहे. तीत संत्र्याची बाग. केंद्राचे व गावाचे नाव येथे देत नाही. कोळसा जाळून उरलेली राख पाण्यात कालवून नळांतून एका बंधाऱ्यात सोडतात. एका पावसाळ्यात तो बंधारा पाझरू लागला, राखेचे पाणी नाल्यात आले, नाल्यातून विहिरीत झिरपले, आणि दोन वर्षांत बागेची पाने पिवळी पडली. उन्हाळ्यात वारा सुटला की वाळलेली राख उडून पानांवर बसते ती निराळीच. नानांनी अर्ज केले. तहसीलदारांस केले, जिल्हाधिकाऱ्यांस केले, मंडळास केले. प्रत्येक अर्जाची पोच त्यांच्या फाइलीत आहे. उत्तर एकाचेही नाही.

“मामा, ही बाटली चालायची नाही,” भाचा म्हणाला.

“का बरे? माझ्या हाताने भरली आहे. गावातले दोन पंच उभे होते.”

“म्हणूनच. तुमच्या हाताने भरली.”

मग त्याने समजावून सांगितले, ते आम्ही वाचकांसाठी जसे समजले तसे उतरवितो. कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना कायदेशीर पुरावा व्हावयाचा, तर १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे तो घ्यावा लागतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने कारखानदारास सूचना द्यावयाची, त्याच्या समक्ष नमुना घ्यावयाचा, त्याचे दोन भाग करावयाचे, दोन्ही मोहरबंद करून दोघांनी सह्या करावयाच्या आणि मग प्रयोगशाळेकडे पाठवावयाचा. यातील एक पायरी चुकली की पृथक्करणाचा दाखला कितीही भयंकर असो, तो त्या कायद्याखालील खटल्यात ग्राह्य धरला जात नाही. नियमामागील हेतू चांगला आहे. कोणीही बाटली भरून कोणावरही आळ घेऊ नये. परंतु ज्याच्या विहिरीत राख उतरते त्याने अधिकाऱ्याची वाट पाहावयाची, आणि अधिकारी येईल तेव्हाच पुरावा व्हावयाचा! 

“तरी बाटली ठेवा,” भाचा पुढे म्हणाला. “खाजगी प्रयोगशाळेचा दाखला जोडू, आणि न्यायाधिकरणाकडे एवढेच मागू की, तज्ज्ञांस पाठवून नमुने घेवावेत. खरा पुरावा तेथून सुरू होतो.”

हे तज्ज्ञ कोण, असे आम्ही विचारले, तेव्हा त्याने खिडकीतून दक्षिणेकडे बोट केले. “पुष्कळदा ते येथूनच जातात. वर्धा रस्त्यावरून.”

वर्धा रस्त्याच्या बाजूस ‘नीरी’ ही संस्था आहे. १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची मध्यवर्ती संशोधनसंस्था म्हणून ती येथे निघाली. पिण्याचे पाणी शुद्ध कसे करावे, मैला कोठे न्यावा, हा तिचा आरंभीचा विषय. १९७४ साली तिचे नाव बदलून राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था असे झाले. झाडीतल्या शांत इमारती; बाहेरून जाणाऱ्यास येथे काही विशेष घडत असेल असे वाटावयाचे नाही. परंतु १९९० नंतरच्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने ज्या मोठ्या प्रदूषणखटल्यांचे निवाडे दिले, त्यांतील कितीएकांत न्यायमूर्तींचे डोळे म्हणून हीच संस्था वावरली. आग्र्याच्या ताजमहालावरील धुराचा प्रश्न असो, राजस्थानातील बिछडी गावचा असो.

बिछडीची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. उदेपूरजवळच्या या खेड्यात रंगाच्या धंद्यात लागणारे एक आम्ल करणारे कारखाने निघाले, त्यांचा गाळ उघड्यावर टाकला गेला आणि गावच्या विहिरींचे पाणी तांबडे झाले. १९८९ साली खटला दाखल झाला. नागपूरच्या तज्ज्ञांनी जमीन व पाणी तपासून दुरुस्तीचा खर्च काढला, तो ३७ कोटी ३८ लाखांवर गेला. १३ फेब्रुवारी १९९६ रोजी न्यायालयाने तत्त्व सांगितले: ज्याने घाण केली त्याने ती निस्तरण्याचा खर्च द्यावा. तत्त्व सोन्यासारखे. परंतु त्या रकमेविषयीचे अर्ज-फेरअर्ज चालत राहिले आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयास तीच रक्कम व्याजासह भरा, असे पुन्हा बजावावे लागले. बावीस वर्षे! ज्या सुनेने लग्न होऊन आल्यावर तांबडे पाणी शेंदले, तिच्या मुलीचेही एव्हाना लग्न झाले असेल.

आणि समुद्राचे प्रकरण येथेच येते. त्याच १९९६ सालच्या डिसेंबरात कोळंबीच्या तळ्यांचा निवाडा झाला. तामिळनाडू व आंध्रच्या किनाऱ्यावर भातखाचरांच्या जागी कोळंबी पोसण्याची तळी खणली गेली होती. खारे पाणी विहिरींत उतरले, तळ्यांतील औषधी व सडका गाळ खाड्यांत सुटला, मासेमाऱ्यांची किनाऱ्यावर जाण्याची वाट बंद झाली. फिर्यादी होते सर्वोदयी कार्यकर्ते एस. जगन्नाथन्, भूदानाच्या पठडीतील वृद्ध गृहस्थ. न्यायालयाने नीरीचे पथक किनाऱ्यावर धाडले. पथकाने हिशेब मांडला की, या धंद्यापासून देशास जी मिळकत होते तीपेक्षा लोकांचे व निसर्गाचे होणारे नुकसान अधिक आहे. या एका हिशेबावर निवाड्याचा मोठा भार उभा होता. गोदावरीच्या मुखाकडील कोळ्यांची कैफियत त्याच गोदावरीला जिचे पाणी जाते, त्या नागेच्या काठच्या शहरात लिहिली जावी, याचे आम्हांस मोठे नवल वाटले. निवाडा मात्र पूर्णपणे अमलात आला नाही. तळी मोडण्याच्या आज्ञेस पुढे स्थगिती मिळाली आणि २००५ साली संसदेने कायदा करून त्या धंद्यास नोंदणीची चौकट घालून दिली. जिंकलेला खटला कायद्याने परत फिरविता येतो, हे भाच्याने सांगितले तेव्हा नानांनी फाइलीची नाडी उगाच घट्ट केली.

आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील खटला म्हणजे डहाणूचा. डहाणू आम्ही काही वर्षांपूर्वी पाहिले होते: चिकूच्या वाड्या, वारल्यांची झोपडी-झोपडीवरील पांढरी चित्रे, खाडीच्या तोंडाशी वाळत घातलेले बोंबील आणि त्या सर्वांच्या माथ्यावर वीजकेंद्राचे उंच धुराडे. मुंबईस वीज पुरविण्यासाठी ५०० मेगावॅटचे हे केंद्र तेथे आणावयाचे ठरले, तेव्हा बागाईतदार व रहिवासी न्यायालयात गेले. १९९० साली उच्च न्यायालयात हरले, १९९१ साली सर्वोच्च न्यायालयातही हरले. परंतु हरताना एक गोष्ट हाती लागली. धुरातील गंधक काढून घेणारे यंत्र, ज्यास ‘एफजीडी’ या आद्याक्षरांनी ओळखतात, ते बसविण्याच्या अटीस न्यायालयाने धक्का लावू दिला नाही. त्याच वर्षी २० जून रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरविला. सगळ्या तालुक्यात मिळून उद्योगांस ५०० एकरांहून अधिक जमीन द्यावयाची नाही आणि भोवती २५ किलोमीटरांचा पट्टा राखावयाचा, असे ठरले. ते अमलात येईना म्हणून बिट्टू सहगल व इतरांनी पुन्हा फिर्याद केली. नीरीची पाहणी झाली. आणि ३१ ऑक्टोबर १९९६ च्या आदेशान्वये तालुक्यासाठी एक स्वतंत्र प्राधिकरण नेमण्यात आले.

या प्राधिकरणाच्या अध्यक्षपदी आले न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. दादा धर्माधिकारींचे हे चिरंजीव. नागपुरात वकिली करून १९७२ साली उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झालेले. समुद्रापासून दूर वाढलेल्या या वैदर्भी गृहस्थाने पुढील बावीस वर्षे डहाणूच्या किनाऱ्याची राखण केली. ती कशी, हे यंत्राच्याच गोष्टीवरून दिसेल. गंधक काढणारे यंत्र बसवा, असा हुकूम प्राधिकरणाने १९९९ साली दिला. कंपनी म्हणे, आमचा कोळसा कमी गंधकाचा, यंत्राची गरज नाही. तज्ज्ञ आले, उलटतज्ज्ञ आले. २००५ साली प्राधिकरणाने ३०० कोटींची बँक हमी मागितली, तेव्हा कोठे चक्रे हलली. आणि २००७ साली यंत्र चालू झाले. ते समुद्राच्याच पाण्याने धूर धुते. १९९१ ची अट २००७ साली पुरी झाली. सोळा वर्षांत किती बैठका झाल्या असतील! आम्हांस स्वतःला घरच्या भाडेकरूविरुद्धच्या दाव्याची तिसरी तारीख पडली तेव्हाच वीट आला होता.

याच प्राधिकरणाने १९९८ साली वाढवणच्या मोठ्या बंदरास नकार दिला. न्यायमूर्ती धर्माधिकारी ३ जानेवारी २०१९ रोजी नागपुरात निवर्तले. त्यानंतर २०२३ च्या जुलैमध्ये त्याच प्राधिकरणाने वाढवणच्या नव्या बंदरास अनुमती दिली. एप्रिल २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने विरोधी याचिका फेटाळल्या, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी बंदराची कोनशिला बसली. बंदर हवे की नको, यावर आमच्या ताईच्या घरीच दोन पक्ष पडले. मेहुण्यांचे म्हणणे, एवढ्या मोठ्या देशास खोल बंदर पाहिजेच. आणि ते म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. परंतु संस्थेचे पाठीचे हाड संस्थेच्या नियमांत होते की एका माणसात, हा प्रश्न आम्हांस तेव्हापासून टोचतो आहे.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी मंडळी कोराडीच्या जगदंबेस गेली. देऊळ सुंदर, तलाव सुंदर, आणि मागे वीजकेंद्राची धुराडी. येथले पहिले संच १९७४ पासूनचे. आता ६६० मेगावॅटचे तीन मोठे संच चालतात, आणि जवळच खापरखेड्यास १३४० मेगावॅटचे दुसरे केंद्र. आपल्याकडील कोळशात तीस-चाळीस टक्के राखच असते. तेव्हा जेवढी वीज मोठी तेवढा राखेचा डोंगर मोठा. नागपूरचे सांडपाणी शुद्ध करून कोराडीस वापरण्याची योजना येथे झाली आहे, ही निश्चित चांगली गोष्ट, आणि तसे म्हटले पाहिजे. परंतु २०२१ साली मंथन अध्ययन केंद्र व नागपूरच्या एका संस्थेने भोवतालच्या गावांतील पाणी तपासले, तेव्हा अनेक ठिकाणी पारा, आर्सेनिक यांसारखी द्रव्ये मर्यादेपलीकडे आढळली. नांदगावच्या राखबंधाऱ्यावरून ओरड झाली, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे स्वतः तेथे जाऊन राख टाकणे थांबविण्यास सांगून आले. जुलै २०२२ च्या पावसात खसाळ्याचा राखबंधारा फुटून राखेचा लोंढा शेतांत व वस्तीत घुसला. ज्या कन्हानला हे सर्व मिळते, तिचेच पाणी उपसून नागपूरच्या पुष्कळ घरांत नळाने येते. आणखी दोन संच उभारण्याविषयी मे २०२३ मध्ये जनसुनावणी झाली, तीत बाजूने व विरुद्ध अशी पुष्कळ खडाजंगी झाली. देवळातून परत येताना आमच्या धाकट्याने गाडीतील गार हवेचे यंत्र लावले. बाहेर थंडी असताना! आम्ही त्यास रागावलो, आणि घरी येऊन सगळ्या खोल्यांचे दिवे लावून तिळाच्या वड्या थापीत बसलो.

खरा पेच त्या रात्री उलगडला. नऊ एकरांच्या सात-बारावर दोन नावे आहेत: नाना आणि त्यांचे धाकटे भाऊ बापू. बापूंचा मुलगा त्याच वीजकेंद्रात कंत्राटदाराकडे कामास आहे. पगार बेताचा, पण महिन्याच्या महिन्यास येतो, आणि बाग गेल्यापासून दोन्ही चुली त्याच्यावर पेटतात. बापूही आले होते. जेवणे झाल्यावर माडीवर बैठक बसली. भाच्याने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, हरित न्यायाधिकरणाकडे भरपाई मागावयाची तर कारण प्रथम घडल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज गेला पाहिजे. फार झाले तर आणखी साठ दिवस. आपल्या भागाची बैठक पुण्यास. शुल्क मागितलेल्या रकमेच्या शेकडा एक, कमीत कमी हजार रुपये. दुसरी गोष्ट, कायद्याने एकट्या नानांस अर्ज करता येईल. परंतु सहमालकाची सही नसली तर समोरचा वकील पहिल्याच दिवशी विचारील की, सख्ख्या भावास तक्रार नाही, ती तुम्हांस कशी?

“दादा, तुमच्या सहीने माझ्या पोराचे काम जाईल,” बापू म्हणाले.

“आणि सही न केली तर विहीर जाते.”

“विहीर गेलीच आहे.”

यावर कोणी बोलले नाही. मग भाच्याने विचारले, पाणी प्रथम बिघडले ते नक्की कधी? पाच वर्षे मोजावयाची ती कोठून? नाना म्हणाले, आषाढात. बापू म्हणाले, त्याच्या आदल्या वर्षी. फाइलीतील पहिला अर्ज त्यानंतर पुष्कळ महिन्यांचा. दोघे भाऊ वर्षावरून वाद घालू लागले. इतका वेळ दाराशी वाती वळीत बसलेल्या नानांच्या वहिनी, म्हणजे आमच्याही वहिनीच, उठल्या आणि आपल्या पिशवीतून जुन्या दिनदर्शिकांची एक गुंडाळी घेऊन आल्या. दूधवाल्याचा हिशेब, गॅसची टाकी, सुनेची ओटी, सगळे चौकटीचौकटीत लिहिलेले. एका श्रावण सोमवारच्या चौकटीत बारीक अक्षरे होती: ‘डाळ शिजली नाही. हंड्याला पांढरा थर. पाणी ब. विहिरीचे’. ‘ब’ म्हणजे बागेतल्या. त्यापुढे दर पंधरा-वीस दिवसांनी तशीच एखादी नोंद. डाळ विरजते कशी, लुगडी धुतली की करडी कशी होतात, नातवास पुरळ कोणत्या तिथीस आले.

भाचा पाने उलटीत कितीतरी वेळ बोललाच नाही. “मामी, हे कोणी लिहायला सांगितले?” त्याने शेवटी विचारले.

“सांगायचे कशाला? लिहून ठेवते मी,” वहिनी म्हणाल्या, “पुढे आठवत नाही म्हणून.”

हिशेब केला तो पाच वर्षे येत्या श्रावणात भरतात. हातात सहा-सात महिने. भाच्याने दिनदर्शिकांची पाने छायाचित्रे काढून घेतली व मूळ प्रती जपून ठेवण्यास सांगितले. नानांनी अर्जाच्या शेवटच्या पानावर तेथेच सही केली. बापूंनी कागद हातात घेतला, चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि घडी करून खिशात ठेवला. “पोराशी बोलतो,” एवढेच म्हणाले. तारापूरच्या मांगेला कोळ्यांनी २०१६ साली तेथील कारखान्यांविरुद्ध असाच अर्ज केला, त्यावर २०२२ साली मोठ्या भरपाईचा निर्णय झाला आणि प्रकरण पुन्हा वर गेले, हे भाचा सांगू लागला होता; परंतु ऐकण्यास कोणाचे मन राहिले नव्हते. ताईने अंथरुणे घातली.

संक्रांतीच्या दिवशी दोघे भाऊ एकाच पंगतीस बसले, दोघांनी वडाभातावर फोडणी घालून घेतली, आणि बागेचा विषय कोणी काढला नाही. आम्ही निघालो तेव्हा नानांनी संत्र्यांची एक लहान करंडी दिली. फळे पूर्वीच्या मानाने लहान होती, वहिनींनी ती पुसून पुसून लखलखीत केली होती. लाखेची बाटली भाच्याने प्रयोगशाळेत पोचविली.

हा मजकूर पुरा होत असताना ताईचे पत्र आले आहे. बापूंची सही झाली. मुलगा अजून त्याच कामावर जातो. अर्जाचे त्याला ठाऊक आहे, आणि त्याच्या कंत्राटदारास नाही. पुण्यास अर्ज नोंदला गेला असून पहिली तारीख जुलैची मिळाली आहे. नाना विचारतात की, त्या सुमारास आमच्याकडे दोन रात्री उतरावयास सोय होईल काय. वहिनीही बरोबर येणार आहेत, दिनदर्शिका घेऊन.